मात्रा गेली, माग झालो

मी एक बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, दिव्याचंही नव्हे. फोनच्या काचेखाली, अगदी तळाशी एक पट्टी असते ना, त्या पट्टीवर बसणारं बटण. मला चिमटीत धरता येत नाही, तुटून पडलो तर कॉटखाली सापडत नाही. बोट टेकलं की कामाला लागायचं, उचललं की गप्प बसायचं, एवढंच माझं आयुष्य. पण तेवढ्यात माझं नाव बदललं, रूप बदललं, काम तर पुरतंच बदललं. हे सगळं वडगावातल्या एका विणकर बाईच्या अंगठ्यामुळं झालं. त्या बाईंविषयी चार शब्द सांगावेत म्हणून बोलायला बसलोय.

माझा जन्म मंजुश्रीच्या लॅपटॉपवर झाला. सीमाभागातल्या वडगावात विणकरांचा एक गट आहे, त्याचे प्रमुख तम्मण्णा आप्पा. मंजुश्री ही त्यांची लेक. टिळकवाडीतल्या एका ऑफिसात ती संगणकाचं काम करते. गिऱ्हाइकानं साडी थेट फोनवरून सांगावी आणि विणकरानं ते काम थेट फोनवरून घ्यावं, म्हणून तिनं सुट्टीच्या दिवशी बसून एक ॲप तयार केलं. नाव ठेवलं 'काठपदर'.

त्या ॲपच्या तळाशी पाच बटणांची पट्टी होती. घर, शोध, खरेदी, निरोप आणि पाचवा मी. माझं नाव होतं 'मागे'. चित्र म्हणून डावीकडं तोंड केलेला एक बाण. माणूस ज्या पानावरून आला त्या पानावर त्याला परत नेऊन सोडायचं, हे माझं काम. तशी फोनला परत जायची स्वतःची सोय असते, कडेवरून बोट सरकवायचं. पण गटातल्या वयस्क माणसांना ते जमेना. बोट सरकायचं एकीकडं आणि पान जायचं भलतीकडं. म्हणून मंजुश्रीनं मला मुद्दाम समोर, ठळक अक्षरांत बसवलं. "कुणी अडकून पडायला नको," असं ती त्या वेळी पुटपुटली होती. माझ्या जन्मवेळी माझ्याविषयी बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य. मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

मी एकच असलो तरी राहतो पुष्कळ घरांत. ज्या ज्या फोनवर 'काठपदर' आहे तिथं तिथं मी आहे. त्यातलाच एक फोन मालुबाईंचा.

मालुबाईंच्या घरात पाऊल टाकलं की पहिल्याच खोलीत त्यांचा हातमाग आहे. खड्ड्याचा माग. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, उजव्या हातानं दोरी ओढून धोटा पळवायचा आणि डाव्या हातानं फणी ठोकायची. धोटा म्हणजे लाकडाची इवलीशी होडीच. पोटात दोऱ्याची कांडी आणि दोन्ही टोकांना निमुळती. आता गल्लीत जवळजवळ सगळीकडं यंत्रमाग आहेत. त्यांचा खडखडाट दिवसभर चालतो. पण त्यातून मालुबाईंचा माग वेगळा ऐकू येतो. ठक्, जरा दम, पुन्हा ठक्. फोन त्या मागाच्या डाव्या बाजूला फळीवर ठेवतात, म्हणून मला हे सगळं माहीत.

मी त्यांचा अंगठा पहिल्यांदा अनुभवला तेव्हा चकित झालो. दोरा ओढून ओढून त्याच्या पेरावर एक बारीक घळ पडली आहे. काच त्या अंगठ्याला चटकन ओळखत नाही, दोन-दोनदा दाबावं लागतं. पण त्याच अंगठ्याला तुटलेला रेशमाचा तंतू बघायच्या आधी कळतो. अंगठा फिरवायचा, तिथंच थांबायचं, गाठ मारायची, आणि पुढं चालू. मी किती बोटं पाहिलीत, पण असं बोट पाहिलं नाही.

त्यांचा मुलगा नागेंद्र मच्छे गावातल्या एका कारखान्यात मशीनवर आहे. आईवर त्याचा जीव. त्याचे वडील मारुतीराव एका दुपारी मागावर बसले असतानाच गेले, घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हापासून आईला एकटं सोडून कामावर जाताना त्याचा पाय जड होतो. हे तो बोलून दाखवत नाही. बोलतो ते खड्ड्याविषयी.

नागेंद्रची बायको सौम्या बाळंतपणाला निपाणीला माहेरी गेली होती. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत स्वयंपाक आणि झोपणं, दुसरीत माग.

"आई, बाळाला कुठं झोपवायचं? खड्ड्यात?" नागेंद्रनं एका रविवारी विषय काढलाच.

"तू बी ह्याच खड्ड्याच्या काठानं रांगलास की."

"आन् पडलो बी. ही बघ, हनुवटीवर खूण हाय अजून."

"त्यामुळंच जरा बरा दिसतोस."

नागेंद्र हसला, पण दुसऱ्या दिवशी ट्रॉलीभर मुरूम आणून दारात ओतला. खड्डा बुजवायचा, वर फरशी घालायची. मालुबाई मुरमाकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मंजुश्रीच्या त्या फोनवरनं काम आलं तर?"

"आलं तर बघू की. न्हाय आलं तर खंडेनवमीला मागाची शेवटची पूजा करू आन् दसरा झाला की मुरूम टाकू. उगच रिकाम्या मागाला जागा अडवून काय करायचं?"

"चालंल," मालुबाई म्हणाल्या. एवढंच. पण त्या दिवशी माग चालवताना त्यांचा ठेका चुकला, मी ऐकलं.

आणि काम आलं. श्रावणाच्या आधीच आलं. गिऱ्हाइकानं काठाचा रंग सांगितला, पदर कसा हवा तो फोटो पाठवला. विणकरानं मागावर ताणा, म्हणजे उभे दोरे, चढवून त्याचा फोटो काढायचा आणि वरच्या कोपऱ्यातला 'पाठवा' हा शब्द दाबायचा, अशी मंजुश्रीची रीत होती. तो फोटो पोचला की गिऱ्हाइकाला कळायचं, आपलं काम घेतलं.

मालुबाईंनी ताणा चढवला, फोटो काढला. कोपऱ्यातल्या त्या बारीक शब्दाकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. अंगठा सरळ खाली, माझ्यावर आला. त्यांनी मला दाबलं.

मी माझं काम केलं. त्यांना एक पान परत नेलं. फोटो पुसला गेला.

मालुबाईंच्या चेहऱ्यावर मात्र समाधान. फोन फळीवर ठेवला आणि विणायला बसल्या. मला काही समजेना. परत जायचं होतं तर फोटो कशाला काढला? बरं, मी बोलू तर शकत नाही. बटणाला आवाज असतो तो 'टक्' एवढाच.

पलीकडं गिऱ्हाइकानं वाट पाहिली आणि काम दुसऱ्या विणकराकडं गेलं. इकडं मालुबाईंनी साडी पूर्ण केली, घडी घालून कपाटात ठेवली आणि ती न्यायला कुणी येईल म्हणून दाराकडं बघू लागल्या. कुणी आलं नाही. मग दुसरं काम आलं. त्याचंही तसंच झालं. दुसरी घडी पहिल्या घडीवर गेली.

"बघितलंस न्हवं?" नागेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, उलट वाईट वाटत होतं. "लोक सांगत्यात आन् घेत न्हाईत. असल्या फोनच्या धंद्यात काय खरं नसतंय आई."

दारातल्या मुरमावर गवत उगवलं होतं, ते मालुबाई उपटत बसल्या.

गणपती उठल्यावर गटाची बैठक झाली. तिथं तम्मण्णा आप्पांनी विषय काढला की मालुबाई काम घेतच नाहीत, तर त्यांचं नाव कमी करायचं का. मंजुश्री म्हणाली, आधी मी त्यांना विचारून येते. ती आली, फोनवर निरोप पाठवून मोकळी झाली नाही. हे मला तिचं फार मोठं वाटतं.

"मावशी, तुम्ही काम का घेत न्हाय?"

"कोण म्हणतंय गं? दोन लुगडी इणून ठेवल्यात कपाटात. तुझंच गिऱ्हाईक पळून जातंय."

"मग तुम्ही कळवलं का न्हाई?"

"कळवलं की. ताणा चढवला, फोटू काढला, माग दाबला."

"कुठला माग?"

"ह्यो काय." मालुबाईंनी अंगठा माझ्यावर टेकवला. "काम मागावर गेलं की माग दाबायचा, व्हय न्हवं?"

मंजुश्री माझ्याकडं बघत राहिली. मी घाबरलो. म्हटलं, आता आपली धडगत नाही.

"मावशी, ते माग न्हाय. मागे हाय ते."

"ती वरची मात्रा दिसली मला. मला वाटलं, कन्नडात मागाला मग्ग म्हणत्यात, आपण माग म्हणतोय, दोघांस्नी बी बरं वाटावं म्हणून तू मागे केलंस."

"अहो, मागे म्हणजे परत. आलेल्या पानावर परत जायाचं."

"मग माघारी लिही की. परत जायाला हितं माघारीच म्हणत्यात. मागे कोण म्हणतंय? तू तरी घरात म्हणतीस काय?"

मंजुश्रीनं जरा आठवून पाहिलं. "न्हाय म्हणत," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. मालुबाईही हसू लागल्या. तेवढ्यात पाळी संपवून नागेंद्र आला. काय झालं ते ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"आई, म्हणजे एवढे दिवस तू रिव्हर्स गिअर टाकून गाडी पळवत हुतीस."

"मग गाडी पुढं कशी जाईल रं," मालुबाई म्हणाल्या. पण हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. कपाटातल्या त्या दोन घड्या कुणी नाकारलेल्या नव्हत्या. त्या कुणाला कळल्याच नव्हत्या. त्यांच्या हाताला कुणी नको म्हटलेलं नव्हतं.

"आता कळलं. आता न्हाय दाबणार," त्या म्हणाल्या.

तिथंच विषय संपला असता. मालुबाई शिकल्या असत्या, मी 'मागे'च राहिलो असतो. पण मंजुश्री घरी गेली आणि लॅपटॉप उघडून बसली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मालुबाई काम मागावर चढवून 'माग' शोधत होत्या, तर विणकरांच्या ॲपमध्ये माग नावाचं बटण असायलाच नको होतं का?

तिनं कर्सर माझ्या नावाच्या शेवटी आणला आणि खोडायची कळ एकदाच दाबली. माझ्या डोक्यावरची मात्रा तेवढी उडाली. खाली उरलो मी, माग.

कसं सांगू ते? डोक्यावरचं ओझं उतरवून कुणी अंगणात बसवावं तसं वाटलं. मग तिनं माझं चित्र बदललं. बाणाला एकच टोक असतं, तो एकाच दिशेला बघतो. तिनं त्याच्या दुसऱ्या बाजूलाही तसंच टोक काढलं, पोटात दोऱ्याची कांडी भरली, आणि बाणाचा धोटा झाला. आता मला दोन्हीकडं जाता येणार होतं.

कामही नवं दिलं. विणकरानं मला दाबलं की काम घेतलं गेलं आणि विणणं सुरू झालं असं समजायचं. मग गिऱ्हाइकाच्या फोनवर आणि विणकराच्या घरच्या माणसांच्या फोनवरही धोटा उजळायचा. विणकरानं उठताना पुन्हा दाबलं की विझायचा. परत नेण्याचं माझं जुनं काम एका नव्या बटणाला दिलं. त्याचं नाव 'माघारी'.

आणखी एक गोष्ट तिनं केली. पट्टीच ज्याची त्याच्या हातात दिली. एखाद्या बटणावर बोट दाबून धरलं की आम्ही सगळे थरथरायला लागतो. मग ज्याला हवं त्यानं आम्हाला हलवावं, काढून टाकावं, नावसुद्धा बदलावं. पलीकडच्या गल्लीतल्या भरमू अण्णांनी मला लगेच 'मग्ग' करून टाकलं. मला दोन्ही नावं गोड वाटतात.

मालुबाईंची पट्टी लावताना मंजुश्री शेजारी बसली होती, पण तिनं हात लावला नाही.

"हे खरेदी कशाला? मी काय इकत घ्याला बसलेय? काढ."

"तुम्हीच काढा मावशी. धरून वर ओढा."

खरेदी गेली.

"शोध. माझं काय हरवलंय?" शोधही गेला. "निरोप ऱ्हाऊ दे. घर तर पायजेच. माघारी त्या उजव्या टोकाला. आन् ह्यो माग..." त्यांनी मला धरलं, मी थरथरत होतो, आणि हळूच ओढत अगदी डाव्या टोकाला आणून सोडलं. उजवा हात दोरीवर असतो, डावा फणीवरून चटकन फळीवर येतो, म्हणून.

"दोन जागा रिकाम्या ऱ्हायल्या," मंजुश्री म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. सून येतीया बाळ घेऊन. तिला लागंल काय तरी."

त्यानंतर पहिलं काम आलं ते येळ्ळूरच्या रक्षाचं. तुळशीचं लग्न झालं की तिचं लग्न होतं. मालुबाईंनी ताणा चढवला, मला दाबलं, आणि मी उजळलो. तिकडं येळ्ळुरात रक्षाच्या फोनवर, इकडं मच्छेत नागेंद्रच्या फोनवर, एकाच वेळी. नागेंद्रच्या फोनवर हे ॲप आईच्या अडीनडीला म्हणून होतं. त्यानं ते एरवी उघडलंही नव्हतं.

दोन दिवसांनी फोनवर रक्षाचा आवाजी निरोप आला. "मावशी, बटणावर माग लिहिलंय. म्हटलं, माग म्हणताय तर मागून बघावं. मी एकदा येऊन साडी बघून जाऊ का? आमच्या आज्जीला बी माग बघायचाय."

"मागायचं काय त्यात," मालुबाईंनी सांगून पाठवलं. "खंडेनवमीला ये. पूजा असतीया."

शेवटची पूजा असतीया, असं त्या बोलल्या नाहीत. दारात मुरूम होताच. कपाटातल्या दोन्ही साड्या मंजुश्रीनं ॲपवर दाखवून चांगल्या घरी धाडल्या होत्या, तरीही मुरूम होता. कारण बाळाला जागा लागणार होती, आणि बोललं ते बोललं, अशी ती माणसं.

मध्ये एका दुपारी मी विझलो. मालुबाईंनी मला दाबलं आणि उठून गेल्या. थोड्याच वेळात फोन वाजला. नागेंद्रचा होता.

"आई, माग का बंद केलास?"

"च्या पीत हुते रं. तुला काय म्हाईत?"

"दिसतंय न्हवं हितं. बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय. आता च्याचं बी एक बटण कराय सांगते मंजुश्रीला."

मालुबाई हसत फोन ठेवून पुन्हा बसल्या, मला दाबलं. तिकडं सुट्टीत कारखान्याच्या दारात उभं राहून नागेंद्र काचेकडं बघत होता. मी उजळलो तसा त्याचा खांदा सैल झाला. मग त्यानं मला दाबून धरलं. मला वाटलं, काढून टाकतो की काय. त्यानं मला ओढत ओढत पट्टीच्या पहिल्या जागेवर नेऊन ठेवलं आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा बघितलं. चहाच्या सुट्टीत पुन्हा. कामाच्या वेळी फोन बाहेर ठेवावा लागतो, म्हणून पाळी सुटली की पहिल्यांदा मीच.

खंडेनवमी आली. मालुबाईंनी माग धुऊन पुसून ठेवला, फणीला हळदकुंकू लावलं, धोट्याला झेंडूचं फूल वाहिलं. मग थोडं थांबून फोनच्या काचेवरही कुंकवाचं बोट लावलं, नेमकं माझ्यावर. रक्षा आणि तिची आज्जी आल्या होत्या. अर्धी झालेली साडी मागावर होती, जांभळ्या अंगाची आणि लाल काठाची. आज्जी काठावरून नुसता हात फिरवत राहिली. जाताना रक्षानं दारातला मुरूम बघितला आणि सहज विचारलं, "घराचं काम काढलंय काय?"

नागेंद्र शर्टाच्या बाह्या दुमडत उठला, कोपऱ्यातलं फावडं आणि पाटी घेतली. मालुबाई मागाला टेकून उभ्या राहिल्या. आजच टाकतोय काय, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं. पण बोलल्या त्या इतकंच, "पूजा झालीया बाबा. तू तुझं कर."

नागेंद्रनं पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि तो घरात न येता गल्लीत चालू लागला.

"कुठं निघालास रं?"

"खड्डाच बुजवायचा तर गल्लीत काय कमी हाईत?" मागं वळून न बघताच तो म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत तो मुरूम ओतत होता. शेजारचे दोघं-तिघं हाताखाली आले. तम्मण्णा आप्पा कट्ट्यावर बसून, "हितं थोडा, तितं थोडा," असं सांगत राहिले. अंधार पडला तेव्हा दारात मुरमाचा नुसता डाग उरला होता. मागाच्या खड्ड्याला मात्र नागेंद्रनं दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या मित्राकडून लोखंडी कठडा करून आणला. उतरता-चढताना उघडायचा आणि बाळ रांगायला लागलं की कडी घालायची. हनुवटीची खूण त्याच्या चांगली लक्षात होती.

आता सौम्या आली आहे. बाळाचा पाळणा मागाच्या खोलीतच वरच्या तुळईला टांगलाय. माग चालू असला की बाळ झोपतं आणि थांबला की जागं होतं. त्यामुळं मालुबाईंना चहासुद्धा घाईत प्यावा लागतो. रक्षाची साडी वेळेत गेली. पट्टीवरच्या त्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. सौम्या म्हणते, सुचलं की भरू.

मी आता जुना झालोय. माझ्यावरची काच अंगठ्यानं घासून पांढुरकी पडली आहे, कडेला दोऱ्याच्या खळीचा एक कण चिकटलाय तो निघत नाही. तरी माझं काय थोडं चाललंय? माझ्या एका टोकाला वडगाव, दुसऱ्या टोकाला मच्छे. इकडून आईचा अंगठा, तिकडून लेकाचा. मी आपला दोघांच्या मध्ये ये-जा करतो.

तुमच्याही फोनच्या तळाशी अशी एक पट्टी असेल. कधी सवड मिळाली तर एखाद्या बटणावर बोट दाबून धरा. आम्ही थरथरतो ते भीतीनं नव्हे. तुम्ही म्हणाल त्या जागी जायला निघालेलो असतो.

फळीवर हात आला वाटतं. तुटलेला तंतू जोडून झाला असणार. येतो मी.